पूरग्रस्तांसाठी एक नाईट

ऑगस्ट २०१९. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका रिकाम्या गाळ्यात तालीम चालली होती. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की निवेदकाचं काही ऐकू येत नव्हतं. त्यात फारसं नुकसानही नव्हतं म्हणा! गायिका म्हणाल्या, "दादा, काळी तीन नको, काळी दोन घेऊ. घसा बसलाय." कीबोर्डवाल्याने बटण दाबलं, झालं काम. ढोलकवाल्याने मात्र खिशातून पाना काढला, नट सैल केले, थाप मारली, कान लावला, पुन्हा थोडे आवळले. दमट हवेने पुडी आधीच उतरलेली. दर दोन गाण्यांमागे हा प्रकार चालला होता, पण कुणी त्याला घाई केली नाही.

कार्यक्रम सांगली-कोल्हापूरच्या पूरग्रस्तांसाठी होता. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या भागाशी इथलं नातं जुनं: महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याची पहिली वसाहत ही वागळे इस्टेट. इथे कामाला आलेल्यांत सांगली-कोल्हापूरकडची माणसं पुष्कळ. पुढे कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या, तरी किसननगर-श्रीनगरातून गावी फोन जायचे थांबले नाहीत. सॅक्सोफोनवाल्याचे मामा शिरोळ तालुक्यातले. "म्हैस दावणीलाच गेली," एवढंच तो बोलला आणि रीड तोंडात धरून ओली करत बसला.

त्या वर्षी पुरामुळे अनेक आयोजकांनी दहीहंडी रद्द केली आणि तो पैसा मदतीला दिला. योग्यच केलं. पण गोकुळाष्टमी ते अनंत चतुर्दशी हा वादकांचा सुगीचा काळ. हंडी रद्द म्हणजे सुपारी रद्द. धनादेश देतानाच्या फोटोत आयोजक असतात. त्या रकमेत ऑक्टोपॅडवाल्याची बुडालेली नाईटही असते, ती कुणाला दिसत नाही. वर त्यालाच फोन येतो: "चांगल्या कामासाठी आहे, मानधनाचं बघू नका." साउंडवाल्याला, मांडववाल्याला, जनरेटरच्या डिझेलला असं कुणी म्हणत नाही. ज्याचं काम दिसायला हौसेचं, त्याचंच फुकट मागितलं जातं.

या मंडळींनी तालमीइतकाच वेळ हिशेबावर घालवला. वहीच्या एका पानावर गाण्यांचा क्रम, दुसऱ्यावर खर्च. सभागृहाचं भाडं, साउंड, टेम्पो, वडापाव. धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर, नोंदणीकृत न्यास नसल्यास, सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेश मंडळांना पाठ असतं, गायकांना नसतं. कॉपीराइट कायद्याची गंमत तर आणखी वेगळी. हौशी मंडळाने धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाणी सादर केली तर सूट आहे. तिकीट लावून पूरग्रस्तांसाठी केली तर ती लागू नाही. देवळाच्या कळसाला सवलत आणि वाहून गेलेल्या घराला नाही, हे मला काही पटलेलं नाही.

शेवटी त्यांनी पैसा स्वतःच्या हातात घ्यायचाच नाही असं ठरवलं. प्रवेश मोफत, आणि ज्याला द्यायचंय त्याने थेट मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या नावे धनादेश लिहायचा. खर्च चार दुकानदारांनी वाटून घेतला आणि त्यातच वादकांचं जाण्यायेण्याचं भाडं धरलं. ही सावधगिरी मला भित्रेपणाची वाटली नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी मैफली केल्या. तिथेही करसवलतीची कागदपत्रं आधी झाली नव्हती, म्हणून ध्वनिमुद्रिकेचा बराच पैसा कित्येक वर्षं अडकून पडला. सूर जगाने ऐकले, मदत मात्र रेंगाळली.

तेव्हा पुढच्या पुराच्या वेळी असा कार्यक्रम ठरवाल, तर आधी दोन गोष्टी कागदावर लिहा: पैसा कुणाच्या खात्यात जाणार, आणि ढोलकवाल्याला किमान किती देणार. त्याला आपलं मानधन दान करायचं असेल तर तो करेल. पण ते त्याच्या हातात पडल्यावर, त्याच्या नावाच्या पावतीवर.