पश्चात्ताप म्हणजे माघारी वळणे

राखेच्या बुधवारी वसई-मुंबईपासून जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखला जातो आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला प्रारंभ होतो. रविवार वगळता ४० दिवसांच्या या काळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांवर भर असतो. या साऱ्याच्या मुळाशी असते ती पश्चात्तापाची कल्पना. मात्र ख्रिस्ती धर्मविचारात पश्चात्ताप म्हणजे केल्या कर्माबद्दल वाईट वाटणे, एवढाच त्याचा अर्थ नाही.

शब्द काय सांगतात?

बायबलच्या जुन्या करारात यासाठी 'शूव' हे हिब्रू क्रियापद येते. त्याचा अर्थ माघारी वळणे, परतणे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील 'मेटानोइया' या शब्दाचा अर्थ आहे मनाचे परिवर्तन. म्हणजेच पापाकडे पाठ फिरवणे हा पश्चात्तापाचा अर्धाच भाग झाला. देवाकडे तोंड करून चालू लागणे हा उरलेला अर्धा भाग होय.

लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाची कथा हेच सांगते. यरीहोतील हा श्रीमंत जकातदार येशूला पाहण्यासाठी उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तेव्हा अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले असेल त्यांना चौपट परत करण्याचे वचन जक्कयाने दिले. त्याचे बदललेले मन त्याच्या हिशेबात उतरले.

वादळानंतरची वर्षे

परिवर्तनाला लागणारा काळ मात्र नेहमीच एका दिवसाचा नसतो. 'अमेझिंग ग्रेस' या जगप्रसिद्ध भक्तिगीताचे कर्ते जॉन न्यूटन यांचे आयुष्य त्याचे बोलके उदाहरण आहे. १७२५ मध्ये लंडनला जन्मलेले न्यूटन तरुणपणी खलाशी झाले आणि पुढे आफ्रिकेतील माणसांना गुलाम म्हणून विकण्याच्या व्यापारात शिरले. धर्माची टवाळी करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. मार्च १७४८ मध्ये 'ग्रेहाउंड' हे जहाज अटलांटिक महासागरात भीषण वादळात सापडले. जहाजात पाणी शिरत असताना न्यूटन यांच्या तोंडून देवाचा धावा निघाला. तो दिवस त्यांनी आयुष्यभर स्मरणात ठेवला.

अनेकदा ही कथा येथेच संपवली जाते. वस्तुस्थिती अधिक अस्वस्थ करणारी आहे. त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिले; इतकेच नव्हे, तर १७५० ते १७५४ या काळात त्यांनी कप्तान म्हणून गुलामवाहू जहाजांच्या तीन सफरी केल्या. वर खलाशांसाठी प्रार्थना होत आणि खाली तळघरात साखळदंडांनी जखडलेली माणसे असत. शिव्याशाप त्यांनी सोडले होते. पण आपला धंदा हेच पाप आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. त्या काळी तो कायदेशीर आणि प्रतिष्ठित व्यवसाय होता. १७५४ मध्ये त्यांनी समुद्र सोडला तोही प्रकृतीच्या कारणाने.

१७६४ मध्ये ते धर्मगुरू झाले. मात्र त्या व्यापाराविरुद्ध त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली ती १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर तब्बल ४० वर्षांनी. तीत त्यांनी स्वतःच्या सहभागाची जाहीर कबुली दिली आणि ती फार उशिरा येत असल्याचेही मान्य केले. पुढे त्यांनी ब्रिटिश सरकारच्या चौकशीत साक्ष दिली. संसदेत हा लढा देणारे विल्यम विल्बरफोर्स यांना राजकारण न सोडण्याचा सल्ला १७८५ मध्ये त्यांनीच दिला होता. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये मंजूर झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन यांचे निधन झाले.

कबुलीनंतर काय?

पश्चात्तापाची रीत पंथागणिक वेगळी आहे. कॅथलिक परंपरेत अंतःकरणापासून खेद, धर्मगुरूपुढे पापांची कबुली आणि त्यानंतरचे प्रायश्चित्त, असे त्याचे टप्पे आहेत. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत भाविक थेट देवापुढे पापकबुली देतो. क्षमा ही कर्माने कमावण्याची वस्तू नसून कृपेने मिळणारे दान आहे, यावर तेथे विशेष भर असतो. क्षमा अखेर देवाची आणि खऱ्या पश्चात्तापाची फळे आचरणात दिसली पाहिजेत, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे.

म्हणूनच 'पूर्ण अंतःकरणाने' देवाकडे वळणे याचा अर्थ आयुष्याचा एकही कोपरा राखून न ठेवणे असा होतो. उघड दिसणारी व्यसने सोडणे त्या मानाने सोपे. परंतु ज्या मिळकतीवर घर चालते आणि ज्याला समाज पाप म्हणत नाही, त्याकडे प्रामाणिकपणे पाहणे कठीण. न्यूटन यांना त्यासाठी ४० वर्षे लागली. दरवर्षी येणारे ४० दिवस भाविकांना तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात.