ओव्याचे फूल : वनस्पतिज आणि संश्लेषित

कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल समभाग एकत्र ठेवले असता अग्नीवाचून त्यांचा द्रव होतो, हा अमृतधारा सिद्ध करणाऱ्या प्रत्येक वैद्याचा अनुभव आहे. काही काळापूर्वी आमच्या औषधशाळेत ओव्याच्या फुलाच्या दोन बाटल्या आल्या. स्फटिक, गंध आणि द्रवणांक (सुमारे ५० अंश सेल्सिअस) सारखेच. भाव मात्र भिन्न. विचारणा करता, स्वस्त माल ओव्यापासून काढलेला नसल्याचे पुरवठादाराने मान्य केले. वेष्टनावर मात्र ‘ओव्याचे फूल’ असेच छापले होते.

ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल. रसायनशास्त्रात ते ‘ॲरोमॅटिक’ वर्गात मोडते. येथे या संज्ञेचा संबंध सुगंधाशी नसून बेंझीनसारख्या स्थिर वलयाशी आहे. म्हणूनच कापूर व मेंथॉल तीव्र गंधाचे असूनही या वर्गात येत नाहीत. थायमॉलच्या वलयावर मिथिल, हायड्रॉक्सिल आणि आयसोप्रोपिल असे तीन गट असतात. मेटा-क्रेसॉलमध्ये पहिले दोन असतातच. प्रोपिलीन वायूपासून तिसरा जोडला की थायमॉल तयार होते.

वलयावर असा गट जोडण्याची रीत फ्रीडेल व क्राफ्ट्स यांनी १८७७ मध्ये ॲल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने दाखविली. परंतु हे द्रव्य ओलाव्याशी उग्र क्रिया करते, अखेरीस पाण्याने नष्ट करावे लागते आणि आम्लयुक्त सांडपाणी मागे ठेवते. यावर उपाय म्हणून ॲल्युमिना, झिओलाइट यांसारखे घन उत्प्रेरक पुढे आले. त्यांना सौम्य म्हणताना तापमान कमी असा अर्थ घेऊ नये. ॲल्युमिनावरील क्रियेस तीनशे अंशांहून अधिक उष्णता लागते. सौम्यता ही, की दाहक द्रव्य लागत नाही, गट बहुतांशी इष्ट जागी बसतो आणि उत्प्रेरक मालात न विरघळता पुन्हा वापरता येतो.

याच थायमॉलवर निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजनची क्रिया केल्यास मेंथॉल मिळते. परंतु त्याची आठ रूपे संभवतात. पुदिन्यात त्यांपैकी प्रामुख्याने एकच, वामवर्ती रूप असते. पोलॅरिमीटरवर त्याचे वलन सुमारे उणे ५० अंश येते, तर वाम व दक्षिण रूपांच्या समभाग मिश्रणाचे शून्य. तथापि शुद्ध वामवर्ती मेंथॉलही आज कारखान्यात बनते. त्यामुळे ही परीक्षा मिश्रण ओळखते, मूळ नव्हे. थायमॉलला तर अशी वाम-दक्षिण रूपेच नसल्याने तेथे हे यंत्र निरुपयोगी ठरते.

संश्लेषित द्रव्य विषारी असते, असे आमचे म्हणणे नाही. रेणू एकच आहे. प्रश्न सत्यतेचा आहे. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ अन्वये आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकांची खरी यादी आवश्यक आहे. ओव्याचे नाव छापून क्रेसॉलजन्य थायमॉल घालणे ही रुग्णाची वंचनाच होय.

यास्तव औषधनिर्मात्यांनी खरेदीपत्रात ‘ओव्याच्या तेलापासून काढलेले’ असे स्पष्ट लिहावे. प्रत्येक घाण्याचे विश्लेषणपत्र मागावे. थायमॉलमध्ये उर्वरित क्रेसॉल व मेंथॉलमध्ये निकेल यांचे प्रमाण पाहावे. शंका राहिल्यास कार्बन-१४ चाचणी निर्णायक ठरते. दगडी कोळसा वा खनिज तेलापासून आलेल्या कार्बनमध्ये तो उरलेला नसतो.

ती स्वस्त बाटली आम्ही परत केली. गंध तिलाही ओव्याचाच होता. नाव मात्र तिचे नव्हते.