मॉरिशस प्रवास

मॉरिशस हा हिंदी महासागरातील मादागास्करच्या पूर्वेस असलेला उष्णकटिबंधीय द्वीपदेश आहे. त्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौ.कि.मी. असून पोर्ट लुई ही त्याची राजधानी आहे. १२ मार्च १९६८ रोजी हा देश ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाला व १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनला. कोकण व पश्चिम महाराष्ट्रातून गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे स्थायिक असल्यामुळे मराठी प्रवाशांच्या दृष्टीने या देशाला विशेष महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातून, विशेषतः शेवगावसारख्या समुद्रापासून दूरच्या भागातून, तेथे जाणाऱ्यांना उपयुक्त अशी माहिती दिली आहे.

महाराष्ट्राशी संबंध

मॉरिशसमध्ये १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली. तत्पूर्वीच, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख मजूर तेथे उतरले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी व सातारा या भागांतील मराठी भाषकांचा समावेश होता. नोंदणीच्या वेळी मजुराचे स्वतःचे नावच अनेकदा पुढे कुटुंबाचे आडनाव बनले. त्यामुळे केवळ आडनावावरून तेथील कुटुंबाचे मूळ गाव किंवा जात ठरविता येत नाही.

मराठी समाज गणेशोत्सव साजरा करतो व कोकणातील जाखडीशी नाते सांगणारा झाकरी हा नृत्यप्रकारही त्याने जपला आहे. गणेश चतुर्थीला देशात सार्वजनिक सुटी असते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते, तसेच भारतीय मजुरांच्या आगमनाचे दप्तर जतन केलेले आहे. २०२३ मध्ये मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

प्रवेश व प्रवासमार्ग

पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीय नागरिकांना आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाही. तथापि वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट, निवासाच्या आरक्षणाचा पुरावा व खर्चापुरते पैसे यांची विचारणा विमानतळावर होऊ शकते. प्रवासापूर्वी ऑनलाइन प्रवेशपत्रकही भरावे लागते. नियम वेळोवेळी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी ते अधिकृत संकेतस्थळावर पडताळावेत.

शेवगाव येथे रेल्वे स्थानक नाही. तेथील प्रवाशास रस्त्याने अहिल्यानगर व पुणेमार्गे मुंबई गाठणे सोयीचे पडते. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील पासपोर्टचे काम पुणे विभागीय कार्यालयाच्या अखत्यारीत येते. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात आहे, तर राजधानी वायव्येस आहे. म्हणून निवासस्थान निवडताना हे अंतर लक्षात घ्यावे. तेथील घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या दीड तास मागे असते.

हवामान

हा देश दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील ऋतू भारताच्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्ण व दमट, तर मे ते ऑक्टोबर हा सौम्य व तुलनेने कोरडा काळ होय. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुटी तेथील हिवाळ्याच्या सुरुवातीस येते. क्युरपीपसारख्या पठारी भागात त्या काळात सायंकाळी गरम कपडे लागतात.

चक्रीवादळांचा धोका जानेवारी ते मार्च या महिन्यांत सर्वाधिक असतो. हवामान खाते इशाऱ्यांच्या चढत्या श्रेणी जाहीर करते. तिसऱ्या श्रेणीपासून सार्वजनिक व्यवहार बंद होतात व सर्वांनी सुरक्षित इमारतीतच थांबावे अशी अपेक्षा असते. विमानेही रद्द होत असल्याने या काळात परतीच्या तारखेनंतर एक-दोन दिवस मोकळे ठेवणे हिताचे ठरते.

समुद्रातील सुरक्षितता

बेटाच्या बहुतांश किनाऱ्याभोवती प्रवाळभित्ती आहे. तिच्या आतील खाजणात पाणी उथळ व शांत असते. मात्र भित्तीत जेथे खिंड आहे, तेथून भरती-ओहोटीचे पाणी वेगाने आत-बाहेर जाते. दक्षिणेकडील सुयाक गावाजवळील ग्री-ग्री येथे भित्ती नसल्याने लाटा थेट किनाऱ्यावर आदळतात. तेथे पाण्यात उतरणे प्राणघातक ठरू शकते.

शेवगाव तालुक्यातील अनेकांना विहिरीत किंवा जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात पोहण्याचा सराव असतो. तो समुद्रात पुरेसा नाही. विहिरीत प्रवाह नसतो; समुद्रात मात्र प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यासही ओढून नेतो. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध झुंजून दमू नये. तरंगत राहून मदतीसाठी हात उंचावावा व ओढ कमी होताच किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. धोक्याची पाटी असलेल्या जागी उतरू नये आणि नौकाविहारात जीवरक्षक जाकीट घालावे. विषारी काट्यांचा दगडमासा खडकासारखाच दिसतो. म्हणून पाण्यात रबरी तळव्याची पादत्राणे वापरावीत. प्रवाळावर उभे राहू नये व त्याचे तुकडे सोबत आणू नयेत.

वाहतूक, चलन व संपर्क

वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. बससेवा बहुतेक भागांत पोहोचते. परंतु सायंकाळनंतर, विशेषतः ग्रामीण भागात, ती विरळ होते. भारताच्या साहाय्याने उभारलेली मेट्रो पोर्ट लुई ते क्युरपीप धावते. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. मॉरिशस रुपया हे चलन असून फेब्रुवारी २०२४ पासून तेथे भारतीय प्रवाशांसाठी यूपीआय सेवा सुरू झाली आहे. तरीही बस व लहान दुकानांसाठी रोख रक्कम जवळ बाळगावी. अनेक ठिकाणी ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे विद्युत-सॉकेट असतात. रुग्णवाहिकेसाठी ११४ व अग्निशमनासाठी ११५ हे क्रमांक आहेत.

आरोग्य व निर्बंध

डासांपासून डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून दिवसाही डासप्रतिबंधक मलम लावावे. नियमित औषधे मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक गोळ्यांपैकी काही तेथे नियंत्रित आहेत. अमली पदार्थांविषयीचे कायदे कठोर असून ई-सिगारेटवर बंदी आहे. अनोळखी व्यक्तीने दिलेली पिशवी किंवा पुडके सोबत नेऊ नये. बियाणे, रोपे व ताजी फळे परवान्याशिवाय नेता येत नाहीत.

भाषा व स्थळे

विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत चालते. वृत्तपत्रांत फ्रेंचचा, तर दैनंदिन बोलण्यात क्रिओलचा वापर अधिक आहे. मराठी वंशाच्या अनेक कुटुंबांतही घरची भाषा क्रिओल असते. त्यांना मराठी येत नाही म्हणून आश्चर्य व्यक्त करणे अशिष्टपणाचे ठरते. डाळीचे सारण भरलेली, पुरणपोळीसारखी दिसणारी पण गोड नसलेली ढोल पुरी हे तेथील लोकप्रिय शाकाहारी खाद्य आहे.

पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. बोटीतून उतरलेले मजूर ज्या पायऱ्या चढून आले, त्या तेथे पाहावयास मिळतात. ल मॉर्न हा डोंगर पळालेल्या गुलामांच्या आश्रयस्थानाचे स्मारक मानला जातो. त्याला २००८ मध्ये हाच दर्जा मिळाला. गंगा तलाव येथे महाशिवरात्रीस देशभरातून भाविक पायी येतात. त्या दिवसांत रस्ते गजबजलेले असल्याने प्रवासास अधिक वेळ राखून ठेवावा.