कोम्प्लुतेन्से : एका लोकविद्यापीठाची वाटचाल

स्पेनच्या राजधानीत, माद्रिद शहरात, असलेले कोम्प्लुतेन्से विद्यापीठ हे त्या देशातील सर्वांत मोठ्या शासकीय विद्यापीठांपैकी एक होय. साठ हजारांहून अधिक विद्यार्थी आणि सव्वीस विद्याशाखा असा त्याचा आजचा पसारा आहे. एके काळी तर विद्यार्थिसंख्येने एक लाखाचा आकडा ओलांडला होता. मात्र या विद्यापीठाचे नाव माद्रिदचे नाही. माद्रिदच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर आल्काला दे एनारेस नावाचे गाव आहे. रोमन काळात त्या गावास कोम्प्लुतुम म्हणत. त्यावरून पडलेले हे नाव, गाव मागे राहिले तरी, विद्यापीठाबरोबर राजधानीत आले. विद्यापीठ नेमके कोणाचे – धर्मपीठाचे, राजाचे, शासनाचे की जनतेचे – हा प्रश्न या संस्थेच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

आल्कालातील आरंभ

कास्तीलचा राजा चौथा सांचो याने १२९३ साली आल्काला येथे विद्यापीठ स्थापण्याची सनद दिली होती. परंतु खऱ्या अर्थाने विद्यापीठ उभे राहिले ते कार्डिनल सिस्नेरोस यांच्या प्रयत्नांमुळे. १४९९ मध्ये त्यांनी पोप सहावा अलेक्झांडर यांचे आज्ञापत्र मिळविले आणि १५०८ मध्ये अध्यापनास प्रारंभ झाला. सिस्नेरोस हे टोलेडोचे आर्चबिशप होते. काही काळ राज्यकारभाराची सूत्रेही त्यांच्या हाती होती. सुशिक्षित धर्मगुरू तयार व्हावेत हा त्यांचा हेतू होता. म्हणून ईश्वरविद्या, तत्त्वज्ञान, भाषा आणि वैद्यक यांना त्यांनी अग्रस्थान दिले. दिवाणी कायद्याच्या अध्यापनास मात्र त्यांनी जागा ठेवली नाही. पुढे याच विद्यापीठाच्या विधी शाखेने देशाला अनेक मंत्री आणि न्यायाधीश द्यावेत, हा योगायोग गमतीचाच म्हणावा लागेल.

सान इल्देफोन्सो हे मुख्य महाविद्यालय होते. तेथील निवासी विद्वान स्वतःमधूनच कुलगुरूची निवड करीत. स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण १४९२ मध्ये लिहिणारे आंतोनियो दे नेब्रिखा यांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथेच अध्यापनात घालविली. विद्यापीठाच्या आरंभकाळातील सर्वांत मोठे कार्य म्हणजे बहुभाषिक बायबल. हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि अरामी पाठ शेजारी शेजारी छापलेल्या या ग्रंथाचे सहा खंड १५१४ ते १५१७ या काळात मुद्रित झाले. छपाईची कला अवघी काही दशकांची असताना चार भाषांची अक्षरे एकाच पृष्ठावर बसविणे हे किती कष्टाचे असेल, याची कल्पना मुद्रणालयाशी संबंध आलेल्या वाचकांस सहज येईल.

लोपे दे वेगा आणि केवेदो हे थोर साहित्यिक आल्कालात शिकले. जेझुइट पंथाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनीही १५२६-२७ मध्ये येथे काही काळ अध्ययन केले. त्यांच्या शिकवणुकीबद्दल धर्माधिकाऱ्यांनी त्यांची चौकशी करून त्यांना तुरुंगात ठेवले, तेव्हा ते येथून निघून गेले. त्यांनी पुढे स्थापिलेल्या पंथाचे धर्मगुरू १५४२ मध्ये गोव्यात आले. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स हे त्याच पंथाचे, एवढा धागा मराठी वाचकांस परिचयाचा वाटावा. १७८५ मध्ये मारिया इसिद्रा दे गुस्मान या अवघ्या सतरा वर्षांच्या तरुणीस आल्कालाने विद्यावाचस्पती ही पदवी दिली. मात्र त्यासाठी राजाची खास अनुमती घ्यावी लागली होती. स्त्रियांसाठी विद्यापीठाचे दार तेवढ्याने उघडले नाही.

विद्यापीठ गेले, गाव राहिले

एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये उदारमतवादी शासन आले. उच्च शिक्षण धर्मपीठाकडून काढून शासनाच्या अखत्यारीत आणावे आणि त्याचे केंद्र राजधानीत असावे, असे धोरण ठरले. त्यानुसार १८३६ मध्ये आल्कालाचे विद्यापीठ माद्रिदला हलविण्यात आले. पुढे ते ‘मध्यवर्ती विद्यापीठ’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

शासनाच्या दृष्टीने हे स्थलांतर सोयीचे होते. आल्कालाच्या दृष्टीने तो आघात होता. विद्यार्थी आणि अध्यापक यांच्यावर ज्यांचा चरितार्थ चाले अशा घरमालक, खाणावळवाले, शिंपी, ग्रंथविक्रेते या सर्वांचा आधार तुटला. विद्यापीठाच्या रिकाम्या इमारती विकण्यात आल्या आणि त्या एका खाजगी मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. अखेरच्या मालकाने तेथील बांधकामाचे काही भाग उतरवून नेण्यास सुरुवात केली, तेव्हा मात्र गावकरी जागे झाले.

त्यानंतर जे घडले ते स्थानिक संस्थांत काम करणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे आहे. १८५०-५१ च्या सुमारास गावातील नागरिकांनी एकत्र येऊन ‘सहमालकांची संस्था’ स्थापन केली. प्रत्येकी १०० रियाल किमतीची ९०० भागपत्रे काढण्यात आली आणि जमलेल्या ९०,००० रियालांतून त्या इमारती विकत घेण्यात आल्या. शासनाने सोडून दिलेली वास्तू गावाने वर्गणी काढून वाचविली. विद्यापीठ परत येईल याची कोणतीही हमी त्या वेळी नव्हती.

राजधानीचे विद्यापीठ

माद्रिदमध्ये विद्यापीठाला प्रतिष्ठा मिळाली, पण ती बव्हंशी कायद्याने मिळाली. १८५७ च्या शिक्षण कायद्याने देशात दहा विद्यापीठे मान्य केली. तथापि विद्यावाचस्पती पदवी देण्याचा अधिकार एकट्या मध्यवर्ती विद्यापीठास दिला. ही मक्तेदारी जवळजवळ शंभर वर्षे टिकली. सारागोसा येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केलेल्या सांतियागो रामोन इ काखाल यांनाही त्या पदवीसाठी माद्रिदलाच यावे लागले. पुढे १८९२ पासून ते येथे प्राध्यापक झाले. मज्जासंस्था ही स्वतंत्र पेशींची बनलेली असते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले आणि १९०६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यश निर्विवाद आहे. परंतु प्रांतोप्रांतीच्या किती विद्यार्थ्यांना राजधानीतील वास्तव्याचा खर्च परवडला नसेल, हाही प्रश्न विचारावयास हवा.

स्त्रियांना विशेष परवानगीवाचून प्रवेश मिळू लागला तो १९१० च्या राजाज्ञेने. १९१६ मध्ये लेखिका एमिलिया पार्दो बासान यांची साहित्याच्या अध्यासनावर नियुक्ती झाली, तीही अध्यापकवर्गाचा विरोध डावलून.

जुन्या इमारती अपुऱ्या पडू लागल्यामुळे १९२७ मध्ये राजा तेराव्या आल्फोन्सोच्या पुढाकाराने शहराच्या वायव्येस मोन्क्लोआ परिसरात ‘विद्यापीठनगरी’ उभारण्याचे ठरले. वास्तुशास्त्रज्ञ मोदेस्तो लोपेस ओतेरो आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतील विद्यापीठे पाहून आले. खर्चासाठी विशेष लॉटरी काढण्यात आली. तत्त्वज्ञान व साहित्य शाखेची नवी इमारत १९३३ मध्ये सुरू झाली. आल्कालाहून आलेली काही मौल्यवान हस्तलिखितेही तेथे नेण्यात आली.

पुस्तकांची तटबंदी

नगरी पुरती उभी राहण्यापूर्वीच १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. नोव्हेंबरमध्ये जनरल फ्रँको यांचे सैन्य मान्सानारेस नदी ओलांडून विद्यापीठनगरीत घुसले आणि तेथेच अडले. रुग्णालयाच्या इमारतीत मजल्यामजल्यावर लढाई झाली. तत्त्वज्ञान व साहित्य शाखेची इमारत प्रजासत्ताकाच्या बाजूच्या सैनिकांकडे राहिली. खिडक्यांतून येणाऱ्या गोळ्या अडविण्यासाठी त्यांनी ग्रंथालयातील जाडजूड ग्रंथ एकावर एक रचून भिंती उभारल्या. मार्च १९३९ पर्यंत ही आघाडी जवळजवळ तेथेच खिळून राहिली. प्रजासत्ताक शासनाच्या सांस्कृतिक संपत्ती रक्षण मंडळाच्या लोकांनी ऐन रणभूमीतून पुष्कळ पुस्तके बाहेर काढली, तरी हानी मोठी झाली. गोळ्यांनी भोके पडलेले त्यांतील काही ग्रंथ विद्यापीठाच्या ऐतिहासिक ग्रंथालयात आजही जपून ठेवलेले आहेत.

इमारती पुन्हा बांधता आल्या. १९४३ मध्ये नगरीचा बराचसा भाग पुन्हा सुरूही झाला. माणसांची हानी भरून निघणे कठीण होते. अनेक प्राध्यापक देशोधडीला लागले, अनेकांना पदावरून दूर करण्यात आले. १९४३ च्या विद्यापीठ कायद्याने तर कुलगुरू हा सत्ताधारी पक्षाचा सदस्यच असला पाहिजे, अशी अट घातली. विद्यार्थ्यांवरही शासनमान्य संघटनेचे सदस्यत्व सक्तीचे होते. त्याविरुद्ध १९५६ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. १९६५ साली त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या आरांगुरेन, तिएर्नो गाल्वान आणि गार्सिया काल्वो या प्राध्यापकांना बडतर्फ करण्यात आले. राजवट बदलल्यानंतर, १९७६ मध्ये, त्यांची पदे त्यांना परत मिळाली.

१९७८ च्या राज्यघटनेने विद्यापीठांची स्वायत्तता मान्य केली आणि १९८३ च्या कायद्याने तिला आकार दिला. आज कुलगुरूची निवड अध्यापक, विद्यार्थी आणि कर्मचारी मतदानाने करतात; प्रत्येक गटाच्या मतांचा भारांक ठरलेला असतो. ‘कोम्प्लुतेन्से’ हे जुने नाव माद्रिदच्या विद्यापीठाने १९७० च्या सुमारास पुन्हा धारण केले.

अभ्यासक्रम आणि प्रवेश

मोन्क्लोआ येथे वैद्यक, औषधनिर्माण, दंतवैद्यक, पशुवैद्यक, भौतिकी, रसायन, गणित, विधी, भाषा, इतिहास-भूगोल, शिक्षणशास्त्र, ललितकला, वृत्तपत्रविद्या इत्यादी शाखा आहेत. शहराच्या पश्चिमेकडील सोमोसाग्वास येथे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांचे अध्यापन चालते.

युरोपातील समान पद्धतीनुसार पदवी अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा, २४० श्रेयांकांचा असतो. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. त्यात वर्गातील तासांबरोबर घरचा अभ्यासही धरला जातो. औषधनिर्माण, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांना पाच वर्षे, तर वैद्यकास सहा वर्षे लागतात. त्यापुढे पदव्युत्तर आणि विद्यावाचस्पती हे टप्पे आहेत.

प्रवेशासाठी उच्च माध्यमिक शिक्षणातील गुणांना साठ टक्के आणि प्रवेश परीक्षेस चाळीस टक्के वजन असते. ऐच्छिक विषय धरून कमाल गुण चौदा होतात. शाळा सुटलेल्यांसाठीही मार्ग आहे. पंचवीस वर्षांवरील व्यक्तीस उच्च माध्यमिक प्रमाणपत्राशिवाय स्वतंत्र परीक्षा देता येते. चाळिशीनंतर कामाचा अनुभवही ग्राह्य धरला जातो. शुल्काचे दर माद्रिदचे प्रादेशिक शासन ठरविते. तोच विषय दुसऱ्यांदा वा तिसऱ्यांदा घेतल्यास शुल्क वाढत जाते. ही तरतूद शिस्तीसाठी असली तरी नोकरी करून शिकणाऱ्यास ती जड जाते, हे उघड आहे.

विद्यापीठाचा आर्थिक भार १९९५ पासून केंद्राऐवजी प्रादेशिक शासनाकडे आला. तेव्हापासून अनुदानाच्या प्रश्नावर दोघांत वाद होत आलेले आहेत. २०२५ मध्ये तर विद्यापीठास प्रादेशिक शासनाकडे सुमारे साडेतीन कोटी युरोंचे कर्ज मागावे लागले. स्वायत्तता घटनेत लिहिलेली असली तरी तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हाती असल्यास तिला मर्यादा पडतात, असे तेथील अध्यापकांचे म्हणणे आहे.

आल्कालाची कथा मात्र माद्रिदच्या स्थलांतराबरोबर संपली नाही. १९७७ मध्ये त्या गावात नवे शासकीय विद्यापीठ स्थापन झाले आणि सान इल्देफोन्सोच्या वास्तूत पुन्हा विद्यार्थी आले. १९९८ मध्ये युनेस्कोने तेथील विद्यापीठ व ऐतिहासिक नगर यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. स्पॅनिश साहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा सेर्वांतेस पुरस्कार दरवर्षी तेथील जुन्या सभागृहात प्रदान केला जातो. ज्या संस्थेने वर्गणी काढून त्या इमारती विकत घेतल्या होत्या, ती सहमालकांची संस्था आजही अस्तित्वात आहे.