कांगडी, बुखारी आणि उन्हाची भिंत

दिवाळी उलटली की खांद्यावर शालींचे गाठोडे घेतलेले काश्मिरी फेरीवाले आपल्या शहरांतून व तालुक्यांच्या गावांतून फिरू लागतात. दारात उभे राहून आपण त्यांच्याशी शंभर-दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो. त्याच दिवसांत त्यांच्या गावी मात्र वेगळाच हिशेब चालू असतो. कोळसा किती भरला, लाकूड किती आले, वीज किती तास टिकेल, हा तो हिशेब. २१ डिसेंबरला तेथे ‘चिल्लई कलाँ’ बसतो. तो ४० दिवस चालतो. त्यामागून २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’ येतो. नळातले पाणी गोठते, बागा व शेते बंद होतात, माणसे घरात बसतात.

व्यापाऱ्याने येथेच लक्ष द्यावे. आपण ज्या मालाचा व्यापार करतो, तो बऱ्याच अंशी याच घरबैठ्या दिवसांत तयार होतो. सोजनीचे भरतकाम, गालिच्याच्या गाठी, चरख्यावर काढलेले पश्मिन्याचे सूत ही सारी बोटांची कामे आहेत. बोटे आखडली की सुई चालत नाही. म्हणून तेथील कारागिराच्या दृष्टीने ऊब ही चैन नव्हे. सूत आणि रंग यांच्याइतकाच तो एक कच्चा माल आहे. मालाची किंमत लावताना हा खर्च कोणी वेगळा मांडत नाही, ही गोष्ट निराळी.

सर्वांत स्वस्त ऊब कांगडीची. आपल्याकडच्या शेगडीची ही चुलत बहीण म्हणावी, फक्त ही अंगावर वागवायची असते. आत मातीचे भांडे आणि बाहेर विणलेली टोपली. फेरनच्या आत धरून माणूस चालतो, बसतो आणि कामही करतो. भांडे कुंभार घडवतो. टोपली विणणाऱ्याला तेथे ‘कानिल’ म्हणतात. वाळुंज व इतर झुडपांच्या लवचिक फांद्या शरदात तोडून आणतात, मोठ्या कढयांत उकळून त्यांची साल सोलतात आणि मग विणायला घेतात. गांदरबल जिल्ह्यातील शालाबुग हे गाव या कामासाठी ओळखले जाते. चरार-ए-शरीफ व बांदीपोरा येथील कांगडीला विशेष मान आहे. नव्या नवरीला पहिल्या हिवाळ्यात माहेरून नक्षीदार कांगडी देण्याची रीतही आहे. कोळसा सफरचंदाच्या बागेतील छाटणीचा, नाहीतर चिनाराच्या गळलेल्या पानांचा. म्हणजे एका कांगडीमागे कुंभार, विणकर, कोळसेवाला आणि बागवान अशा चौघांची रोजी आहे.

पण या उबेला किंमत आहे. वर्षानुवर्षे मांड्यांना व पोटाला शेक बसून त्वचेचा जो कर्करोग होतो, त्याची नोंद काश्मीरमधील मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच केली होती. वैद्यकीय ग्रंथांत तो ‘कांगडी कर्करोग’ याच नावाने आहे. कलंडलेल्या कांगडीने अंथरूण पेटल्याच्या गोष्टी तर कोणत्याही काश्मिरी घरात ऐकायला मिळतात.

दुसरी बुखारी. ही पत्र्याची उभी भट्टी, मागे धुराचा नळ. लाकडावर चालते, आणि लाकडाच्या भुशावरही. भुसा दाबून भरतात, मधोमध पोकळी ठेवतात, मग तो तासन्‌तास सावकाश जळत राहतो. सुतारवाड्यातला कचरा इंधन होतो आणि पत्रेवाल्याला हंगामभर काम मिळते. धंद्याच्या दृष्टीने ही व्यवस्था सुरेख आहे. धोका आहे तो बंद खोलीत. नळ गंजलेला किंवा काजळीने भरलेला असला, अथवा कोळशाची कांगडी बंद खोलीत धुमसत राहिली, की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला ना रंग, ना वास. झोपेतला माणूस उठतच नाही. उबेची साधने लावून बंद खोलीत झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठण भागात भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकाच कुटुंबातील पाच जण गुदमरून मरण पावले. त्यांत लहान मुले होती.

मदीनेत एक घर रात्री माणसांसह जळाले, तेव्हा झोपण्यापूर्वी आग विझवण्याची ताकीद पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी दिली होती. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. बुखारी बनवणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकाला भट्टीबरोबर एवढे जरी सांगितले आणि नळ दरवर्षी बदलायला लावला, तरी त्याचा धंदाही वाढेल आणि जीवही वाचतील.

तिसरा हमाम. मशिदीच्या एका दालनात दगडी फरशी, तिच्याखाली जळते लाकूड आणि शेजारी तांब्याचे मोठे भांडे. आपला तांब्याचा बंब आठवा. तत्त्व तेच, फक्त येथे त्याच आगीवर फरशीही तापते. वुजूला गरम पाणी मिळते, आणि नमाजनंतर मोहल्ल्यातील म्हातारी माणसे तेथेच बसून राहतात. ज्यांना परवडते ते आता घरातही हमाम बांधून घेतात. त्यामुळे दगड घडवणारे, गवंडी आणि तांबट यांना काम मिळाले. लाकडाचा खप मात्र वाढला.

मग वीज का नाही? वीज आहे, पण ज्या दिवसांत हवी त्याच दिवसांत कमी पडते. झेलम व चिनाब नद्यांवरील बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. हिवाळ्यात डोंगरातले पाणी बर्फ होऊन बसते, प्रवाह रोडावतो, आणि नेमके तेव्हाच घरोघर हीटर व विजेची ब्लँकेटे लागतात. कारगिलमध्ये सुरू नदीवर ४४ मेगावॉटचा चुटक प्रकल्प आहे, त्याचीही हिवाळ्यातील अडचण हीच. २०१९ मध्ये श्रीनगर-लेह उच्चदाब वाहिनी सुरू झाली, तेव्हा कुठे कारगिल देशाच्या वीजजाळ्याला जोडले गेले.

कारगिलची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. या मुस्लिमबहुल जिल्ह्याचा श्रीनगरशी संबंध जोजिला घाटातून. पूर्वी हा घाट पाच-पाच महिने बंद राही. आता ती मुदत पुष्कळ कमी झाली असली, तरी शरदात लाकूड व गोवऱ्या रचून ठेवण्याची सवय गेलेली नाही. झाडे थोडी, लाकूड महाग. पण लडाखजवळ एक धन आहे. थंडी कडक असली तरी आकाश निरभ्र असते.

त्या उन्हाचा उपयोग तेथे भिंतीने केला. घराची दक्षिणेकडील जाड भिंत काळी रंगवायची आणि तिच्यासमोर थोडे अंतर सोडून काच बसवायची. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, त्यामुळे ऊन थेट भिंतीवर पडते. दिवसभर भिंत तापते आणि रात्रभर ती ऊब खोलीत सोडते. भिंतीला वर-खाली झरोके ठेवले, तर गरम हवा दिवसाही आत येते. रात्री ते बंद करायचे. फेलिक्स ट्राँब या फ्रेंच अभियंत्यावरून हिला ट्राँब भिंत म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे घराला लागूनच प्लास्टिकचे किंवा काचेचे हरितगृह, म्हणजे उबेबरोबर भाजीही. जेरेस ही फ्रेंच संस्था आणि लडाखमधील स्थानिक संस्थांनी अशी घरे गावोगाव बांधवली, गवंडी व सुतार शिकवून तयार केले. लेहजवळ फे येथील सेकमोल या शिक्षणसंस्थेच्या इमारती तर मातीच्याच आहेत आणि उन्हावरच उबदार राहतात. या कामात परदेशी यंत्र एकही नाही. माती, काच, लाकूड, काळा रंग आणि काटकोनात काम करणारा हात एवढेच लागते.

हेच काश्मीर खोऱ्यात उचलून नेले तर? तेवढे साधणार नाही. चिल्लई कलाँमध्ये तेथे आठवडाच्या आठवडा धुके व ढग असतात. छतावरील सौर पाट्यांबद्दलही भाबडेपणा नको. एक किलोवॉटची पाटी भर उन्हात एक साधा हीटर जेमतेम चालवील, आणि ऊब हवी असते रात्री. खोऱ्याला अधिक उपयोगी आहे ती जुनी अक्कल. लहान खोल्या, जाड मातीच्या भिंती, लाकडी जाळीच्या खिडक्यांवर हिवाळ्यापुरता चिकटवलेला कागद. सिमेंटची भिंत, मोठ्या काचा आणि वर नुसता पत्रा अशी बंगल्याची हौस आली आणि घर थंड झाले. दुहेरी खिडकी आणि छतात भुशाचा किंवा लोकरीचा थर हे काम तेथील सुतार आजही करू शकतो. ते मागणारे गिऱ्हाईक मात्र थोडे आहे.

पश्मिन्याच्या व्यापाऱ्यांनी आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. लडाखच्या चांगथांग पठारावर १३ गिगावॉटचा सौर व पवन प्रकल्प ठरला आहे. त्याची वीज बाहेर नेणाऱ्या वाहिनीला केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २०,७७४ कोटी रुपये. ही वाहिनी हरियाणातील कैथलपर्यंत जाणार आहे. याच पठारावर पश्मिना देणाऱ्या शेळ्या चरतात आणि त्यांची लोकर श्रीनगरच्या चरख्यांवर येते. कुरणे जातील या भीतीने तेथील मेंढपाळांनी विरोध केला आहे, आणि २०२४ च्या लडाखमधील आंदोलनातही हा प्रश्न निघाला. प्रकल्पाच्या पाट्यांखाली गवत राखून शेळ्यांना चरू देणार की कुंपण घालणार, हे ठरायचे आहे. श्रीनगरात पश्मिन्याचा आगाऊ सौदा करणाऱ्याने लोकरीच्या भावाबरोबर आता हेही विचारून घ्यावे.