घरी काम केल्यावर इंजिन थडथडते तेव्हा

फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीचे गरम इंजिन उभ्या जागी (आयडलला) साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत चालते. एअर फिल्टर, प्लग किंवा थ्रॉटल बॉडीचे काम घरी झाल्यावर ते थडथडू लागले, तर दोष बहुधा नुकताच हात लागलेल्या जागीच असतो. नवे भाग मागवण्याची घाई इथे महागात पडते.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो निसटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा नीट न बसलेले गॅस्केट. आयडलला मॅनिफोल्डमध्ये निर्वात बराच जास्त असतो. फटीतून हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत ही हवा मोजलीच जात नाही. स्कॅनरवर पी०१७१ कोड दिसतो. रेस केल्यावर थडथड कमी झाली, तर संशय पक्का होतो, कारण एकूण हवेत चोरट्या हवेचा वाटा घटतो. फट शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारणे धोक्याचे आहे. तो पेट घेतो. धुराची चाचणी बरी.

स्कॅनरवर पी०१७१ऐवजी पी०३०२ दिसला, तर त्याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन बंद करून त्याची कॉइल तिसऱ्यावर बसवावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग, त्याचा गॅप, इंजेक्टर पाहावा.

थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर मात्र काहीच बिघडलेले नसूही शकते. काजळीसह शिकलेली जुनी मोजणी इंजिनच्या संगणकात (ईसीयूमध्ये) तशीच असते. कंपनीच्या पद्धतीने आयडल रीलर्न केले की आरपीएम जागेवर येतो.