'सापडलेली चित्रफीत' : भयपट खरे का वाटतात?



एखादा अंधुक, हलणारा व्हिडिओ दाखवून मुलं छातीठोकपणे सांगतात, "हे खरंच घडलंय!" नुसतं "भूतबित काही नसतं" म्हणून त्यांची भीती जात नाही. असा व्हिडिओ खरा का वाटतो, ते आधी आपल्याला कळायला हवं. त्यासाठी 'फाउंड फुटेज' हा भयपटांचा प्रकार समजून घेऊया.

म्हणजे काय?
चित्रण करणारे लोक बेपत्ता झाले आणि नंतर त्यांच्या टेप सापडल्या, अशी बतावणी म्हणजे फाउंड फुटेज. इटलीत १९८० साली आलेला 'कॅनिबल होलोकॉस्ट' लोकांना इतका खरा वाटला की, कलाकार जिवंत असल्याचं दिग्दर्शकाला सिद्ध करावं लागलं.

कसा बनवतात?
सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९९ चा अमेरिकन चित्रपट 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकांनी तिघा कलाकारांना मेरीलँडच्या जंगलात पाठवलं. कॅमेरे कलाकारांच्याच हातात. संवाद लिहिलेले नव्हते. रोज प्रत्येकाला फक्त सूचनांची चिठ्ठी मिळायची. जेवण दिवसेंदिवस कमी केलं जायचं आणि रात्री तंबूबाहेर मुद्दाम आवाज काढले जायचे. त्यामुळे चेहऱ्यावरचा थकवा, चिडचिड बरीचशी खरीच होती. चेटकीण मात्र शेवटपर्यंत दिसत नाही. ती प्रेक्षक स्वतःच्या मनात तयार करतो!

लोक फसले कसे?
पात्रांना कलाकारांचीच नावं दिली होती. 'बेपत्ता' अशी पत्रकं वाटली, वेबसाइटवर खोटी माहिती टाकली. इंटरनेट तेव्हा नवं होतं, लोकांनी विश्वास ठेवला. अगदी कमी पैशांत बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर कमावले. पुढे 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (२००७) तर दिग्दर्शकाने स्वतःच्या घरातच चित्रित केला. हिंदीत 'रागिनी एमएमएस' (२०११) त्याच वाटेने गेला.

वर्गात काय करता येईल?
हे चित्रपट लहान मुलांसाठी नाहीत, ते दाखवू नयेत. पण त्यांची युक्ती जरूर शिकवावी. घरगुती चित्रण हलतं, हे आपल्या डोळ्यांना सवयीचं आहे. म्हणून 'हलतंय म्हणजे खरंच असणार' असं मन ठरवून टाकतं. मुलांना हे प्रश्न विचारायची सवय लावूया :

१. कॅमेरा कुणाच्या हातात आहे?
२. एवढा घाबरलेला माणूस कॅमेरा टाकून पळत का नाही?
३. चौकटीबाहेर काय असेल?
४. हा व्हिडिओ आधी कुणी आणि कशासाठी टाकला?

एक उपक्रमही घ्या. शाळेच्या व्हरांड्यात ठेवलेल्या झाडूचं चित्रण आधी स्थिर हाताने करा. मग दिवे घालवून, पळत पळत, धापा टाकत करा. दोन्ही चित्रणं मुलांना शेजारी शेजारी दाखवा. झाडू तोच असतो, पण दुसऱ्या वेळी तो भलताच वाटतो! भीती कशी बनवतात हे ज्या मुलाने स्वतः करून पाहिलं, ते पुढचा व्हिडिओ इतरांना पाठवण्याआधी क्षणभर तरी थांबेल.